दोघांचीच तिकिटं

एप्रिलमध्ये जायचं हे मीच ठरवलं होतं. महाळुंग्याच्या ज्या कारखान्यात मी प्लॅनिंगला आहे, तिथं मार्चअखेरपर्यंत मान वर करायला वेळ नसतो. गेटबाहेर ट्रकांची रांग, कस्टमरचे फोन, ‘मॅडम, आमची लाइन थांबली तर तुमचं नाव सांगू’ ही रोजची धमकी. एप्रिल लागला की जरा हायसं वाटतं, रजा मागितली तर साहेब तोंड वाकडं करत नाहीत. आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या नाझारे नावाच्या गावात एप्रिलात फारसं कुणी जात नाही, हेही मी वाचून काढलं होतं. हिवाळ्यातल्या डोंगराएवढ्या लाटा पाहायला येणारे तोवर परतलेले असतात आणि उन्हाळ्यातली गर्दी अजून यायची असते. हॉटेलं स्वस्त, वारा गार, समुद्रात उतरता येत नाही. लोकांना हे तोट्याचं वाटतं. मला नेमकं तेच हवं होतं. एक रिकामा समुद्र, आणि त्याच्यासमोर बसल्यावर ‘कुठं चाललीस, कधी येशील, भाजी काय करायची’ असं विचारणारं कुणी नाही.

लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. लग्न झालं तेव्हा निघोज्यात सासरी दोन खोल्या होत्या आणि माणसं सहा. फिरायला जाणं वगैरे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पुढं मिस्टर भोसरीत टूलरूमला लागले, मी नोकरी धरली, मोशीत फ्लॅट झाला, मुलगी शिकून बेंगळुरूला गेली. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडं आल्या. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. निघोज्याच्या जुन्या घराच्या जागी आता भाड्याच्या खोल्या आहेत, कंपन्यांत कामाला आलेली मराठवाड्याकडची कुटुंबं राहतात त्यात. आत्या दर सोमवारी तिकडं जातात, भाडेकरूंना दोन शब्द सुनावतात, आळीत चहा पितात आणि दिवेलागणीला परत येतात.

मी मुळात कमी बोलते. कंपनीत दिवसभर लोकांना नाही म्हणायचं काम माझंच आहे. ‘उद्या माल मिळणार नाही’, ‘आज गाडी सुटणार नाही’, हे मी डोळा न लवता सांगते. घरात मात्र मला नाही म्हणता येत नाही. मी गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ समोरच्यानं लावावा अशी अपेक्षा धरते. जे झालं ते या सवयीतूनच झालं.

सहलीचा विषय निघाला तेव्हा जानेवारी संपत आला होता. जेवताना मी मोबाइलवर नाझारेचे फोटो दाखवत होते. मिस्टर घास थांबवून म्हणाले, “आईलाही घ्यायचं का?”

आत्या तेव्हा बेसिनपाशी हात धूत होत्या. मी ताटातल्या कोशिंबिरीकडं बघत राहिले. मिस्टरांनी दोन क्षण वाट पाहिली आणि भाताकडं वळले. एवढंच. पुढं वेगळं कारण सांगितलं गेलं, पण नातेवाइकांना ते पटलं नाही, त्यांना वाटलं, की मुलानंच आईला टाळलं. मी ते कधी खोडून काढलं नाही. आज लिहिते आहे, कारण ते खरं नाही. ते विचारत होते. नकार माझा होता.

आत्या हात पुसत आल्या, फोटो बघितले. त्यात एका म्हातारीचा फोटो होता. गुडघ्याएवढे परकर, डोक्याला फडकं, हातात पाटी. मी वाचून सांगितलं, की तिथल्या कोळणी एकावर एक सात परकर घालतात, आणि ही पाटी खोली भाड्यानं द्यायची आहे म्हणून.

“म्हंजी माझ्यावानीच की,” आत्या म्हणाल्या. “खोल्या भाड्यानं. पर सात परकर? आन् मला तुमी एक लुगडं जड व्हतंय म्हून गाऊन घाल म्हनता.” मग खुर्चीत बसत म्हणाल्या, “कवा निगायचं?”

मी मोबाइल पालथा ठेवला. मिस्टर म्हणाले, “एप्रिलात.”

“म्हंजी गावची यात्रा हुकतीया. हुकू दे. यात्रा दरसाल आसती.”

आत्यांनी विचारलं नाही की मी येऊ का. त्यांच्या हिशेबात तो प्रश्नच नव्हता. त्या आजवर ज्या सहलींना गेल्या त्या नगरसेवकाच्या बसनं. अष्टविनायक, तुळजापूर, एकदा थेट काशी. निवडणूक जवळ आली की आळीत बस लागते, बायका पिशव्या टाकून जागा धरतात, बसच्या खालच्या डिकीत शेगडी आणि पिठाचं पोतं. गावाला निघायचं म्हणजे सगळ्यांनी निघायचं. घरातलं माणूस मागं ठेवून घरातलीच माणसं मजेला जातात, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही तेव्हाच तोंड उघडलं असतं तर थोडं वाईट वाटलं असतं, रुसवा झाला असता, आणि संपलं असतं. मिस्टर म्हणत, “तू सांग, तुझं ती ऐकते.” मी म्हणे, “अहो, आई तुमची आहे.” असं करत फेब्रुवारी गेला. तिकिटं मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत काढली. दोघांचीच.

इकडं निघोज्यात बातमी पोचली होती. आमच्या भागात जुनी पद्धत आहे, कुणी लांबच्या तीर्थाला निघालं की आळीतल्या बायका त्याची ओटी भरतात, आणि ज्यांना जाता येत नाही त्या आपल्या नावचं काहीतरी बांधून देतात. मूठभर तांदूळ, सुपारी, नाणं. तिकडं पाण्यात सोडायला. काशीला जाताना आत्यांच्या पिशवीत अशा पुड्या होत्याच. आता परदेशातला समुद्र म्हणजे काशीहून मोठं काहीतरी, असं आळीनं धरलं. एका सोमवारी आत्या परत आल्या त्या नारळ, खण आणि कागदाच्या पुड्या घेऊन.

“ही कोपऱ्यावरल्या गॅरेजवाल्याच्या आईची,” त्या एकेक पुडी टेबलावर मांडत म्हणाल्या. “तिनं तांदूळ न्हाई दिलं, नुसतं नाणं हाय. म्हनली, आमच्यात न्हाई तसलं. दर्याला माझा सलाम सांगा म्हनली, आन् येताना एक शिंपला आना. ही परभणीवाल्या पोरीची, तिसऱ्या खोलीतल्या. तिला पोर न्हाई हुईत. ती लई रडली.”

“आत्या, एवढं कशाला घ्यायचं?” मी म्हणाले.

“न्हाई कशी म्हनू? मान केला त्यांनी माजा. धनी न्हाई ऱ्हायलं तरी हळद-कुकू लावलं. एक म्हातारी मला म्हनती, तू आता मडम हून येनार. म्या म्हनलं, व्हय, परकर घालून येते सात.”

त्या हसत होत्या. मी चहा टाकायला उठले.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही दोघं रजा काढून पुण्याला व्हिसाच्या ऑफिसात गेलो. दहा बोटांचे ठसे, फोटो, रांग. संध्याकाळी घरी आलो तर आत्या सोफ्यावर बसलेल्या. लग्नकार्याला नेसतात ते जरीकाठी लुगडं, केस चापून बसवलेले, मांडीवर आधार कार्डाची प्लास्टिकची पिशवी. शेजारच्या वहिनींनी त्यांना सांगितलं होतं, की तिथं बोटं लावायला जावं लागतं. पासपोर्ट, व्हिसा हे सगळं त्यांच्या लेखी एकच, बोटं लावायचं काम.

“माजी पाळी कवा?” त्यांनी विचारलं. “मला वाटलं तुमी पैल्यांदा बगून याल आन् मंग मला न्याल.”

मिस्टर गाडीची किल्ली खुंटीला अडकवायला म्हणून आत गेले ते आतच थांबले. मी दारात उभी होते, पायात अजून चप्पल. आणि त्या क्षणी मला जे सुचलं, ते इतकं सहज सुचलं की आजही त्याचीच भीती वाटते.

मी म्हणाले, “आत्या, तिथं दहाही बोटांचे ठसे लागतात. तुमचे कुठं उमटतात? म्हणून त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही.”

हे पटण्यासारखं होतं. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं मशीन आलं तेव्हापासून आत्यांचा ठसा उमटत नव्हता. दुकानदार अंगठा पुसायला लावी, दुसरं बोट लाव म्हणे, आणि शेवटी मिस्टरांच्या मोबाइलवर नंबर मागवी. उभा जन्म कांदे काढण्यात, खुरपण्यात, शेणानं सारवण्यात, राखेनं भांडी घासण्यात गेला. बोटांच्या रेघा झिजून गेल्या होत्या. मी ती बोटं वापरली.

आत्यांनी दोन्ही हात पालथे केले, मग उताणे केले. “व्हय,” त्या म्हणाल्या. “ती बी खरंच की.” आणि लुगडं बदलायला गेल्या.

मला वाटलं, सुटले. नाव त्या ऑफिसचं झालं, आमचं नाही. मिस्टर रात्री एवढंच म्हणाले, “हे काय बोललीस?” मी म्हणाले, “मग तुम्ही बोलायचं होतं.” पुढं आम्ही तो विषय काढला नाही.

पण आत्यांना ते उत्तर शेवटचं वाटलं नव्हतं. त्यांना तो एक इलाज करण्यासारखा आजार वाटला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भांडी घासणं सोडलं. आमच्याकडं कामाला बाई येते, तरी आत्या स्वतःचं ताट आणि दुधाचं पातेलं कधी तिला लावू देत नसत. आता त्यांनी सगळं तिच्यापुढं ठेवलं. दुपारी गॅलरीत बसून दुधाची साय बोटांना चोळत. मेडिकलमधून व्हॅसलिनची डबी आणली. मिस्टरांचे जुने मोजे हातात घालून झोपू लागल्या. कामवाली बाई हसून म्हणाली, “आजी, नवरी व्हायचंय का परत?” आत्या म्हणाल्या, “तुजा धनी द्येतीस का?”

सगळ्यात वाईट म्हणजे गॅलरीच्या सरकत्या काचेवर ठसे दिसू लागले. त्या अंगठा काचेवर दाबून उजेडात बघत, की रेघा दिसतात का. मी कंपनीतून आले की काचेवर एका ओळीत साताठ डाग असत, कमरेच्या उंचीवर. मी ओलं फडकं घेऊन पुसत असे. दुसऱ्या दिवशी परत. एकदा त्यांनी मला हाक मारून काच दाखवली. “बग बरं. कालच्यापरास बरंय का?”

मी म्हणाले, “हो, थोडं बरं आहे.”

हे मी का म्हणाले, ते मला सांगता येत नाही. तिथं थांबवता आलं असतं. उलट मी आशेला हातभार लावला. मार्चअखेरची गडबड आहे, हे संपलं की सांगू, असं मी स्वतःला समजावत होते. कंपनीत एखाद्या गाडीचा माल अडकला की आम्ही असंच करतो, आजचं उद्यावर, उद्याचं परवावर, आणि बोर्डवर ‘अडकलं’च्या लाल रंगाऐवजी ‘होतंय’चा पिवळा लावून ठेवतो.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मिस्टर ओव्हरटाइमला गेले होते. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. आत्या रेशन आणायला गेल्या होत्या. दार उघडलं ते धाडकन. गव्हाची पिशवी बाहेरच ठेवून त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या, चपला न काढता. आयुष्यात पहिल्यांदा.

“उमाटला,” त्या म्हणाल्या. धापा टाकत होत्या. “एका दमात उमाटला. त्यो दुकानदार म्हनतो, आजी, ही दुसऱ्याचा अंगठा लावला का काय? तरनी झालीस राव. म्या म्हनलं, माजाच हाय, घे परत. परत लावला. परत उमाटला.” त्यांनी अंगठा माझ्यापुढं धरला. “आता चल. त्या हापिसात चल माज्यासंगं.”

“आज रविवार आहे, आत्या.”

“मंग उद्या.”

तव्यावरची पोळी करपत होती. मी गॅस बंद केला. अजून एक खोटं तोंडात तयार होतं, मुदत संपली म्हणायचं. ते अगदी जिभेवर होतं. पण त्यांचा अंगठा माझ्या तोंडापुढं होता, मऊ, गुलाबी, म्हाताऱ्या हातावर लहान पोराचा चिकटवल्यासारखा.

मी म्हणाले, “आत्या, बोटांचं काही नव्हतं. मी खोटं सांगितलं. तिथं तुमचं नाव आम्ही दिलंच नव्हतं. तिकिटं आमच्या दोघांचीच आहेत.”

त्यांना आधी कळलं नाही. मी परत सांगितलं. मग हात हळूच खाली गेला.

“कोन म्हनलं, मला नगं न्यायला? त्यो का तू?”

“मी. ते विचारत होते. मलाच नको होतं.”

“मी काय केलं तुजं?”

“काही नाही. तुम्ही काहीच केलं नाही.” आणि हे खरं होतं. पंचवीस वर्षांत त्यांनी मला टाकून बोललेलं मला आठवत नाही. माझं बाळंतपण त्यांनी केलं, मी शिफ्टला गेले की मुलीला त्यांनी सांभाळलं. त्यांचा मला त्रास नव्हता. मला फक्त काही दिवस कुणाची सून नसायचं होतं. पण हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यांच्यापुढं ते काय कामाचं होतं?

आत्यांनी ओट्याची कडा धरली. मग म्हणाल्या, “त्यो न्हाई म्हनला ना?”

“नाही.”

“मंग बरं. मला वाटलं त्योच म्हनला आसंल.”

त्यांनी बाहेर जाऊन चपला काढल्या, गव्हाची पिशवी आत आणली. परत आल्या, पदर खोचला, सिंकमधलं दुधाचं पातेलं घेतलं आणि तारेच्या घासणीनं घासू लागल्या. मी म्हणाले, “राहू द्या, बाई येईल.” त्यांनी ऐकलं नाही. पातेलं स्वच्छ झाल्यावरही घासत राहिल्या.

सोमवारी त्या म्हणाल्या, “मला निगूज्याला सोड. पुड्या माघारी द्याच्यात.” मी अर्धा दिवस रजा टाकली. वाटेत इंद्रायणीचा पूल ओलांडताना त्यांनी घाण पाण्याच्या वासानं नाकाला पदर लावला.

मला वाटलं होतं, आळीत त्या सांगतील. मी त्याची तयारी केली होती. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं, बायकांनी मला बोलून घ्यावं आणि फिटावं. पण पहिल्याच दारात आत्या म्हणाल्या, “ही घे बाई तुजी पुडी. गुडघं लई दुखाया लागल्यात. डाक्टर म्हनतो, इमानात बसायचं न्हाई. सून लई म्हनती चला चला, पर म्याच न्हाई म्हनलं.”

“आगं, येवड्या उड्या मारत व्हतीस की,” ती बाई म्हणाली.

“उड्या मारल्या म्हून तर दुखत्यात.”

प्रत्येक दारात तेच. परभणीवाल्या पोरीनं पुडी परत घेतली नाही. ती माझ्याकडं वळून म्हणाली, “ताई, तुम्ही जायलाव न्हवं? मग तुम्हीच सोडा की.” आत्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. पुडी माझ्या हातात आली. गॅरेजवाल्याच्या आईनं आत्यांना खुर्ची दिली, गुडघ्याला लावायला तेलाची बाटली दिली, आणि मला म्हणाली, “नशीबवान हो बेटा, अशी सास मिळाली. तुमच्या मजेत पाय घालत नाही.” मी मान हलवली. तिथं बोलायची शेवटची संधी होती. मी बोलले नाही.

परत येताना गाडीत मी म्हणाले, “आत्या, आम्ही जातच नाही. रद्द करते सगळं.”

“आन् म्या आळीला काय सांगू?” त्या पहिल्यांदा चिडल्या. “सुनंनं म्हातारीच्या गुडघ्यापायी तिकिटं फाडली, आसं? सगळी माज्या गुडघ्याला तेल लावाया येतील. आता जायाचं. गुमान जायाचं आन् फोटू काडून आनायचं. हसायचं फोटूत.”

म्हणून आम्ही गेलो. नाझारे मला जसं हवं होतं तसंच होतं. रस्त्यावर वाळू आलेली, हॉटेलांच्या खुर्च्या प्लास्टिकमध्ये बांधलेल्या, निम्मी दुकानं बंद. वाऱ्यानं कान दुखायचे. एका सकाळी मी एकटीच पाण्यापाशी जाऊन पुडी सोडली, पाणी इतकं गार की पाय बधिर झाले. मिस्टर आणि मी फार बोललो नाही. भांडलोही नाही. एकमेकांना फोटोसाठी उभं करत होतो. ‘जरा हस,’ ते म्हणायचे, मी हसायचे, मग मी त्यांना म्हणायचे. कुणीच काही विचारत नव्हतं. दिवसच्या दिवस कुणी काही विचारलं नाही, आणि मला ते सहन होत नव्हतं.

आत्यांनी सगळे फोटो आळीत दाखवले. नावं ठेवली नाहीत, रुसवा धरला नाही. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात. सोमवारी निघोज्याला जातात, आता जरा लंगडतात. आधी नुसतं दाखवायला लंगडत होत्या, हल्ली मला ते खरं वाटतं.

परवा तळेगावला माझ्या मामेभावाच्या मुलाचा साखरपुडा होता. पत्रिका घरच्या सगळ्यांना होती, आहेराची पिशवी आत्यांनीच भरली होती. आम्ही तयार होऊन खाली आलो. मिस्टरांनी गाडी काढली, मी पुढं बसले. आत्या मागच्या दारापाशी नेसून-सवरून उभ्या. दार उघडंच होतं. त्या बसल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी काचेतून मला विचारलं,

“म्या बी यायचंय का?”